वाड्यावर हाईत

३ जानेवारी, शनिवार

फौजेत तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी भांडार सांभाळण्यात. तिथं एकच गोष्ट शिकलो. जो विनाकारण गोड बोलतो, त्याची पिशवी आधी तपासावी. म्हणून आजपासून काही घडलं की लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी म्हणायला नको की लालासाहेबाला कळलं नाही.

कारण असं. सांगलीत नदीच्या अंगाला हळदीचं जुनं गोदाम होतं, ते एका ट्रस्टनं घेऊन संग्रहालय केलंय. भिंतींना अजून हळदीचा वास येतो. सव्वीस तारखेला तिथं ‘सेनेची कूच’ नावाचं दालन उघडणार. प्रतिसरकारच्या काळातली गोष्ट. आमच्याकडची पोरं बंदुका घेऊन कृष्णाकाठावरनं रातोरात चालत पूर्वेच्या माळापर्यंत गेली, आणि मागं पोलीस. वाटेत एकदाच ती सापडता सापडता वाचली, ती आमच्या वडजाईत. आणि वडजाईत कुठं, तर आमच्या वाड्यात.

हे मी म्हणत नाही. सेनेतल्या एका म्हाताऱ्यानं मरायच्या आधी टेपवर सांगून ठेवलंय, ‘दुसऱ्या मुक्कामाला वडजाईत वाड्यावर थांबलो, म्हणून जगलो.’ माझे आजोबा जोतिबा पाटील तेव्हा गावचे पोलीस पाटील. फौजदारानं बंदुकीच्या दस्त्यांनी आमचं दार फोडलं, तर आजा त्याला आडवा होऊन ओरडत होता, ‘हितं न्हाईत सायेब, हितं न्हाईत!’ सरकारचा नोकर असून पोरांसाठी खोटं बोलला. त्या घराच्या जागी आता स्लॅबचं घर आहे, पण दार मी ठेवलं होतं, गोठ्यात. आता ते दालनाच्या मधोमध उभं आहे, घाव तसेच. उद्घाटनाला माझा सत्कार आहे.

आता संशयाचं. सगळी मांडणी माया नावाची मुलगी करते. हुशार आहे, नम्र आहे. लय नम्र आहे. आज म्हणाली, ‘काका, मधल्या मुक्कामाची पाटी एवढ्यात रंगवायला नको.’ बाकीच्या सगळ्या रंगवून झाल्या, आमचीच का नको? कुठंतरी पाणी मुरतंय.

६ जानेवारी, मंगळवार

दालनात एक माणूस सापडला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, साठीच्या आसपास. दारावरच्या घावांवरनं बोट फिरवत उभा होता. मी म्हटलं, ‘हात लावायचा नाही.’ त्यानं हात काढला आणि हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

पाठ वळवली तशी माया त्याला चहा देताना दिसली. मला बघून दोघं गप्प. दालन अजून उघडलेलं नाही, हा आत आला कसा? तर म्हणे, ‘हरिबामामा आहेत, आटपाडीकडचे. माझी खात्री झाली की सगळं सांगते तुम्हाला.’ कसली खात्री करतीय ही? आणि मला वगळून?

घरी मंडळींना सांगितलं. म्हणाली, ‘चहाच पाजला न्हवं? साप साप म्हणून भुई धोपटू नका.’ हिचं माहेर पूर्वेचंच. बाजू घेणारच.

९ जानेवारी, शुक्रवार

माझा संशय खरा ठरला.

दालनात भिंतीवर मोठा नकाशा आहे, सेना गेली त्या वाटेचा. हरिबानं वडजाईच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मायाला म्हणाला, ‘ह्यो आमचा वाडा.’ मी खांबामागं होतो. लपलो नव्हतो, उभा होतो. पुढं झालो.

‘कुणाचा वाडा म्हणालास?’

‘आमचा, सायेब. माझ्या आज्याचा.’

‘वडजाईत?’

‘व्हय. वडजाईच्या माळाला.’

‘आणि आता कुठाय तुझा वाडा?’

‘आता लोणंदच्या अंगाला हाय की. म्होरल्या आठवड्यात हिकडं येतोय.’

वाडा येतोय! वाडा म्हणजे काय एसटी आहे? मी म्हटलं, ‘हे बघ पावण्या, वडजाईत वाडा एकच, तो आमचा. सातबारा माझ्या नावावर आहे.’ तर हा गडी बिनदिक्कत म्हणतो, ‘सातबारा आमच्याकडं कवाच नव्हता, सायेब. आमाला काय करायचाय?’

कागद नाही म्हणून तोंडानं कबूल करतोय आणि वर हक्क सांगतोय! माया मध्ये पडली. ‘काका, तुम्ही दोघं वेगवेगळं बोलताय, मी सांगते...’ मी तिला बोलूच दिलं नाही. एका शब्दात सांगितलं की मी दुधखुळा नाही, आणि निघून आलो. रागाच्या भरात बसमध्ये छत्री विसरली.

आता सगळं कळलं. गेल्या महिन्यात गावात बोलणं चाललं होतं की कूच जिथं थांबली तिथं सरकार स्मारक करील. म्हणजे आमची जागा. म्हणून हा आज्याचं नाव घेऊन उगवला.

१० जानेवारी, शनिवार

तलाठ्याला गाठला. जुने फेरफार काढायला लावले. दुसरं कुणाचं नाव नाही. तलाठी म्हणाला, ‘सुभेदार, आटपाडीचा धनगर तुमच्या घरावर कशाला हक्क सांगंल?’ आणि हसला. आजकाल जो तो हसतोय. येताना फाटकाला नवीन कुलूप आणलं.

१३ जानेवारी, मंगळवार

माया गावात आली होती! कुणाला विचारून? मी बाजरीच्या भाकरीवर लोणी घेत होतो, आज भोगी ना, तर ही दारात. म्हणाली, ‘काका, तुमच्या गावचा माळ बघायचा होता.’

माळ कुठला आता? कालवा आला, सगळा ऊस झाला. तरी बांधावरनं फिरून तिनं फोटो काढले. जागेची आखणी चालली असणार. मी मागं मागं होतोच. मग विचारते, ‘पूर्वी इथं मेंढरं बसायची का?’

‘बसायची. मी पोर होतो तवापर्यंत. ऊस आला, मोकळं रान संपलं, कुठं बसणार?’

‘त्यांच्या तळाला गावात काय म्हणायचे?’

‘मेंढरं म्हणायचे. आणखी काय म्हणणार?’

माझ्याकडं बघून तिनं वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाली, ‘बरं. हरिबामामांच्या आई रविवारी दालनात येणार आहेत. तुम्ही याच.’ येणार म्हणजे काय, येणारच. वकिलाला विचारून येणार.

१५ जानेवारी, गुरुवार

अरे देवा.

काल संक्रांत. तिळगूळ खाताना मंडळींना सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. वाडा लोणंदला आहे, वाडा इकडं येतोय, सातबारा नाही, इथपर्यंत आलो आणि ही जी हसायला लागली ती थांबेना. तीळ घशात अडकला. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा बोलली.

‘आवं, वाडा म्हंजी मेंढरांचा वाडा! आमच्याकडं धनगराला इचारा, वाडा कुठाय, तर तो डोंगर दावील. मेंढरं, घोडी, बायकापोरं, समदं बिऱ्हाड चालतं त्याला वाडा म्हणत्यात. आन् तुमी तलाठ्याकडं ग्येलासा व्हय त्यापायी?’

आज दिवसभर ही मधूनच हसते. मला मात्र हसू येत नाही. जागा गेली नाही, ठीक. पण टेपवरचा म्हातारा म्हणतो, ‘वाड्यावर थांबलो.’ वाड्यात म्हणत नाही, वाड्यावर म्हणतो. म्हणजे सेना आमच्या घरात नव्हतीच. मेंढरांत होती. गावात दरसाल जे मी छाती काढून सांगतो ते घडलंच नाही.

मग पोलिसांनी आमचं दार का फोडलं? दारावरचे घाव काही खोटे नाहीत. हा प्रश्न मी मायाच्या तोंडावर टाकणार. बघू काय उत्तर देते.

१८ जानेवारी, रविवार

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

हरिबाची आई, हरणाबाई, नव्वदीला टेकलेली. हिरवं लुगडं, डोळ्यांना अंधूक दिसतं. आल्या आल्या विचारलं, ‘पाटलाचं कोण हाय हितं?’ मी दारावरच्या घावांचा प्रश्न तोंडात घेऊन पुढं झालो. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. ‘देव माणूस व्हता रं तुजा आजा. येकदा त्याच्या उंबऱ्याला हात लावीन म्हणून जगले.’

खुर्चीवर बसवलं. तिनं सांगितलं ते असं. तेव्हा ती लहान पोर. त्यांचा वाडा आमच्या माळाला बसला होता. अंधार पडता पडता सेनेची पोरं आली, हरिबाच्या आज्यानं, म्हणजे तिच्या बापानं, त्यांना मेंढरांत निजवलं, वरनं घोंगडी टाकली. सकाळी आई तिला घेऊन चावडीवर गेली. रानात मेंढरं बसवल्याचं धान्य मिळायचं, ते मागायला. तेवढ्यात पोलीस आले. फौजदार धारवाडकडचा, आपली बोली त्याला धड येत नव्हती. चावडीपुढंच त्यानं आज्याची गचांडी धरली. पोरं कुठं आहेत?

‘तुजा आजा म्हणला, वाड्यावर हाईत. आयनं माझं बकुट धरलं आन् पळाली ती माळापतोर. मागनं दारावर घाव ऐकू आलं, धाड धाड. फौजदाराला वाटलं, वाडा म्हंजी पाटलाचं थोरलं घर. ते दार फोडून तो आत धुंडाळतोय तवर पोरं मेंढरांसंगं डोंगराआड. बघ की! सोताच्या घरावर घाव घेतलं पर आमच्या वाड्याला धक्का लागू दिला न्हाई.’

मग हरिबानं तिला दाराशी नेलं. एकेक घाव तिनं चाचपला आणि डोकं टेकलं. माझे डोळे भरून आले, सुभेदार असलो म्हणून काय झालं. पोरांना घरात लपवणं एक वेळ सोपं. पण एका शब्दानं फौजदाराला गंडवून धाड आपल्याच घरावर ओढून घ्यायची, याला काळीज लागतं. आम्ही सांगत होतो त्यापेक्षा आजा मोठा निघाला! आणि या भल्या माणसांवर मी संशय घेतला. हरिबाचा हात धरून चुकलो म्हटलं. तो म्हणाला, ‘जाऊ द्या सायेब, तुमच्या बी वाड्याची गोष्ट व्हती.’

माया सगळं टिपून घेत होती. तिनं एकच विचारलं, ‘आजी, तुमची आई पळाली ती घाव ऐकून का?’

‘न्हाई गं. आदीच. पाटलाच्या तोंडातनं शब्द पडला तशी.’

मायाला बारीकसारीक गोष्टी लय लागतात.

२० जानेवारी, मंगळवार

पुण्याहून नातवाचा, शंभूराजचा फोन. ‘आजोबा, आपल्या वाड्याचं दार बघायला मी येणार.’ ये म्हटलं.

फोन ठेवला तर मंडळी भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली. ‘मी लगीन होऊन आले तवा हितं कुणी वाडा म्हणत न्हवतं. आत्याबाई थोरलं घर म्हणायच्या. वाडा तुमीच आणला, ट्रस्टवालं आल्यापासनं.’

खरं आहे.

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा आजा वारला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ‘घरला चला.’ ‘घरात सांगा.’ ‘थोरल्या घरात ठेवा.’ आणि थंडीच्या दिवसांत ओसरीवरनं आजीला हाक मारायचा, ‘माळाला वाडा आलाय गं, जोंधळं काढून ठेव.’ फौजेत गेलो आणि हे पार विसरलो होतो. आजा वाडा म्हणायचा तो मेंढरांच्या तळालाच. जन्मात दुसऱ्या कशाला म्हटलं नाही.

मग चावडीपुढं ‘वाड्यावर हाईत’ म्हणाला ते कशाबद्दल?

म्हणून हरणाबाईची आई आधी पळाली. तिला शब्द बरोबर कळला. कळला नाही तो फौजदाराला.

आणि ‘हितं न्हाईत सायेब, हितं न्हाईत!’ ती वीरश्री नव्हती. माणूस चुकलेल्या फौजदाराला खरी वाट दाखवत होता.

आज जेवलो नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस आज्याचीच उलटतपासणी चाललीय. कदाचित त्यानं जाणूनबुजून म्हटलं असेल. कानडी फौजदार गंडेल हे त्याला कळलं असेल. असेल की! पण मग ‘हितं न्हाईत’ म्हणून ओरडला कशाला? तेही सोंग? आतून कडी घालून बायका बसलेल्या, आजी पोटुशी. गचांडी धरलेला माणूस एवढा विचार करतो? मी गोळीबारात माणसं बघितलीत. तोंडात पहिलं येतं ते खरं येतं, आणि खरं बोलून जीव सुटला तर बरं, एवढंच असतं. त्याबद्दल आज्याला मी बोल लावत नाही. त्या जागी मी असतो तर? माहीत नाही.

लहानपणी मी त्याला विचारायचो, ‘सेना आपल्याकडं होती?’ तो म्हणायचा, ‘वाड्यावर हुती,’ आणि उठून बैलांना वैरण टाकायला जायचा. कधी खोटं बोलला नाही. आम्हीच ऐकलं हवं तसं.

दालनात एक तक्ता आहे, सेनेनं फितुरांना दिलेल्या शिक्षेचा. तळपायाला पत्र्या ठोकलेलं चित्र. काल तो टाळून मागच्या अंगानं गेलो.

हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडणार? म्हातारी आनंदात मरेल, शंभूराज शाळेत सांगेल, मला शाल मिळेल. दार तिथंच राहील. खोटं कुणीच बोललेलं नसेल.

नाही. मायाला संशय आहे. मी ओळखतो. संशय आला की माणूस कसा बघतो, ते मला नाही कळणार तर कुणाला?

२५ जानेवारी, रविवार

पाटी लिहायचा शेवटचा दिवस. मधला मुक्काम आता ‘हरिबांच्या आज्यांचा मेंढरांचा वाडा, वडजाईचा माळ’ असा झाला. ते मी आनंदानं कबूल केलं, हक्काचं माप त्यांच्या पदरात पडलं.

दाराखालची पाटी राहिली होती. ट्रस्टचे सचिव म्हणाले, ‘सुभेदार, सोपं आहे. पाटलांनी शब्दाच्या चलाखीनं सेना वाचवली. भाषणात पण तसंच घालू.’ ते पत्रिका वाटायला निघून गेले. माया कोऱ्या पाटीसमोर बसली. पेन्सिल हातात, पण लिहीना.

‘काका, एक विचारू? रागावू नका.’

‘विचार.’

‘तुमचे आजोबा घराला काय म्हणायचे?’

तेवढंच. तिसऱ्या तारखेपासून ही मुलगी माझ्यापासून काहीतरी लपवतीय असं म्हणत होतो, ते हे. विचारायला घाबरत होती बिचारी. वाडाच म्हणायचे, असं सांगितलं असतं तर तिनं मान डोलावून लिहिलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. चावडीपुढं आज्याच्या तोंडात काय काय आलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

‘घर म्हणायचे,’ मी म्हटलं. ‘थोरलं घर. वाडा कधीच नाही.’

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

‘ठेवतेस काय? लिही. जसं घडलं तसं लिही. फितूर होता म्हणू नकोस, शूर होता म्हणू नकोस. तो काय म्हणाला, फौजदार काय समजला आणि घराला काय म्हणायचे, एवढंच लिही.’

लिहून झाल्यावर तिनं मला पाणी आणून दिलं. संध्याकाळी सचिवांचा फोन आला, लय तापले होते. सत्काराचं नाव यादीतनं काढा म्हणून मीच सांगितलं. मंडळींनी कोटाला इस्त्री केली होती. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

२६ जानेवारी, सोमवार

उद्घाटन झालं. मी मागच्या रांगेत. पदकं खिशात. सचिव भाषणात दाराबद्दल काही बोलले नाहीत.

गर्दी पांगल्यावर हरिबा आईला घेऊन दाराशी आला. तिनं परत घावांवर हात ठेवला आणि मला हाक मारली. ‘लेकरा, काय लिवलंय ते वाचून दाव की. मला कुठलं दिसतंय?’

माया तिथंच उभी होती. तिनं वाचलं असतं. मी म्हटलं, मी वाचतो.

‘सेनेची मुलं माळावर मेंढरांच्या वाड्यात होती. फौजदारानं चावडीपुढं पोलीस पाटील जोतिबा यांना विचारलं, मुलं कुठं आहेत. ते म्हणाले, वाड्यावर आहेत. फौजदारानं पाटलांच्या घराचं हे दार फोडलं. तेवढ्या वेळात मुलं निसटली.’ इथं मी थांबलो. शेवटची ओळ गिळता आली असती. म्हातारीला कुठं दिसत होतं? ‘जोतिबा पाटील आपल्या घराला वाडा म्हणत नसत.’

‘मंग वाडा कशाला म्हणायचा त्यो?’

‘तुमच्या वाड्याला, आजी. फक्त तुमच्याच.’

मग तिनं दारावरचा हात काढून घेतला.

‘तरीच आय आदी पळाली,’ ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, स्वतःलाच असेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हरिबा म्हणाला, ‘चल आये, वाडा इस्लामपूरकडं सरकायचाय.’ ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, ‘पाटला, पानी दे.’

मायाच्या टेबलावरचा तांब्या आणून दिला. दोन्ही हातांनी धरून ती सगळं पाणी प्याली, तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि हरिबाच्या खांद्याला धरून बाहेर गेली. तहान लागली होती की पाटलाच्या हातचं पाणी अजून चालतं हे सांगायचं होतं, मला ठरवता आलं नाही. तांब्या हातात घेऊन मी किती तरी वेळ दारापाशी उभा होतो.